आधी मूठ, मग माशी, चाप सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारासाठी तुम्ही पॉइंट टू-टूचं (०.२२ इंच बोअरचं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं आहे आणि ते तुमच्याआधी दुसऱ्या कुणीतरी काही वर्षं वापरलेलं आहे. तुम्ही उजव्या हाताने मारता. प्रिसिजनमध्ये, म्हणजे सावकाश मारायच्या टप्प्यात, पाच गोळ्यांची ५०पैकी ४६-४७ची मालिका बसते, पण रॅपिड म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात तीन सेकंदांसाठी लक्ष्य समोर आलं की गोळ्या डावीकडे खाली सात-आठच्या वर्तुळांत जातात. बरोबरचे नेमबाज सल्ला देतात की चाप हलका करून घे, स्प्रिंग बदल, जमलं तर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी ऑप्टिकल साइट) बसव. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते या तिन्हींपैकी एकही आधी करू नका. मी पिस्तुलं जुळवून देण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे आणि डावीकडे खाली जाणाऱ्या गोळ्यांची तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. चाप हलका करून ती गेली असं क्वचितच पाहिलं. बहुतेक वेळा दोष पिस्तुलाच्या मुठीत, म्हणजे हातात धरायच्या लाकडी भागात सापडतो. मूठ दुसऱ्याच्या हाताला बसवलेली असते आणि नवीन मालक तिच्यात आपला हात कसाबसा मावून घेत असतो.

हे पटण्यासाठी थोडं गणित करू. या प्रकारात पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकतं. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे त्या अंतराच्या सुमारे ११४ पट दूर. माशी, म्हणजे पुढची साइट, मागच्या साइटच्या खाचेत दशांश मिलिमीटरने सरकली की गोळी ११ मिलिमीटरहून जास्त सरकते. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २५ मिलिमीटर रुंद असतं. म्हणजे माशीतली ०.२ मिलिमीटरची चूक जवळजवळ एक गुण खाते. याउलट पिस्तूल कोन न बदलता, सरळच्या सरळ एक सेंटिमीटर डावीकडे गेलं, तर गोळीही एक सेंटिमीटरच जाते आणि दहा मिळतोच. हात हलतो याची फार भीती बाळगू नका, सर्वांचाच हलतो. माशी खाचेत वाकडी होते, तिथे गुण जातात.

आता तुमच्या रॅपिडच्या गोळ्या पाहू. त्या लक्ष्यावर दहाचा व्यास १०० मिलिमीटर आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ४० मिलिमीटरचं. सातवर लागलेली गोळी मध्यापासून १३ ते १७ सेंटिमीटर दूर असते. याचा अर्थ गोळी सुटताना माशी खाचेत एक मिलिमीटरहूनही जास्त सरकलेली होती. एवढी चूक डोळ्याला स्पष्ट दिसायला हवी. ती दिसत नाही, कारण ती शेवटच्या क्षणी होते. हात ४५ अंशांतून वर येतो, वेळ थोडा असतो, बोटाने चाप ओढताना सगळा हातच आवळला जातो आणि नळी डावीकडे खाली खेचली जाते. प्रिसिजनमध्ये तुमच्याकडे वेळ असतो म्हणून तुम्ही मनगटाने ही चूक सावरून घेता. तीन सेकंदांत सावरायला सवड मिळत नाही.

म्हणून पहिली परीक्षा अशी करा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा, कोऱ्या भिंतीकडे नळी करून हात ४५ अंशांवर आणा, डोळे मिटा, हात वर न्या आणि डोळे उघडा. मनगट जराही हलवू नका. माशी खाचेत कुठे दिसते ते कागदावर लिहा. असं वीस वेळा करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यातून जे कळतं ते शंभर गोळ्या मारूनही कळत नाही. वीसपैकी पंधरा-सोळा वेळा माशी एकाच बाजूला दिसली, तर तो तुमचा दोष नाही, मुठीचा आहे.

मूठ कशी बदलायची हे आता नीट सांगतो, कारण बहुतेक सगळं यश इथेच आहे. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी मुठीच्या मागच्या भागात, तळहाताच्या बाजूला भर घातली की पिस्तुलाचा मागचा भाग डावीकडे ढकलला जातो आणि नळी उजवीकडे वळते. तिथलंच लाकूड कमी केलं की नळी डावीकडे येते. माशी सतत खाली दिसत असेल, तर मुठीच्या पाठीला खालच्या बाजूस भर घाला. मुठीचं खालचं टोक पुढे जातं आणि नळी उचलली जाते. माशी वर दिसत असेल, तर तीच जागा थोडी घासा. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं समजावं.

भर घालायला लाकडात भरायची लांबी (वूड फिलर) किंवा दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी चालते. मॅगझिनची जागा, स्क्रूची भोकं आणि चापाभोवतालचा भाग चिकटपट्टीने बंद करा. हातात पातळ रबरी मोजा घाला, त्यावर तेलाचा हलका हात फिरवा, एक-दोन मिलिमीटरचा थर लावा आणि नेमबाजीच्या पवित्र्यात, हात सरळ धरून मूठ पकडा. टेबलाशी बसून पकडू नका. बसल्यावर खांदा आणि मनगट वेगळ्या कोनात असतात आणि ठसा चुकतो. पूर्ण वाळू द्या, एक दिवस तरी, आणि मगच बारीक सँडपेपर फिरवा. आणखी एक गोष्ट अनुभवाने शिकलो. हे काम सराव सुरू होऊन तासभर झाल्यावर करावं. हात तापला की तळवा थोडा फुगतो. थंड हातावर चपखल बसवलेली मूठ स्पर्धेच्या मध्यावर आवळायला लागते.

भर घालताना घाई नको. एका वेळी एकच जागा, एका वेळी एकच थर, आणि मग पुन्हा डोळे मिटून वीस वेळा. माझ्या एका जुन्या पिस्तुलाची मूठ मी उत्साहाच्या भरात एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी घासली होती. नेम बदलला, पण कशामुळे बदलला ते कळेना. शेवटी नवीन मूठ घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तळहाताखालची फळी, म्हणजे पाम शेल्फ, फार वर चढवू नका. हात शिकंज्यात अडकल्यासारखा वाटायला लागला की समजा जास्त झालं. प्रिसिजनमध्ये तसा अडकलेला हात बरा वाटतो, पण रॅपिडमध्ये पाच गोळ्यांच्या मालिकेत पकड दर वेळी थोडी वेगळी बसते. हाताच्या कडेखाली कार्डाचा कागद सरकेल एवढी फट ठेवावी असं माझं मत आहे. नियमही लक्षात ठेवा. २५ मीटरच्या पिस्तुलाच्या मुठीने मनगटाला आधार देता येत नाही, फळीचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि नळीची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोबणीच्या वरूनच गेली पाहिजे. भर घालून मूठ जाड केली, तर संपूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या तपासणी पेटीत मावतं की नाही तेही पाहा. ५० मिलिमीटरची रुंदी अनेकांना नडते. पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं.

मूठ हाताला बसणं म्हणजे काय, हे सांगताना मला कारोय ताकाच आठवतात. हंगेरीच्या या नेमबाजाचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नेमबाजी पुन्हा शिकून घेतली आणि १९४८ व १९५२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. नेमबाजीची समज डोक्यात पक्की असेल, तर ती दुसऱ्या हातातही उतरते. पण त्या हाताला त्याचीच मूठ लागते. उजव्या हाताची अॅनाटॉमिकल, म्हणजे हाताच्या आकाराप्रमाणे घडवलेली मूठ डाव्या हातात नीट धरताच येत नाही. दुसऱ्या माणसाच्या हातासाठी घासलेली मूठ तुमच्या हातातही, कमी प्रमाणात का होईना, अशीच परकी असते.

बोटाकडे वळू. मूठ बसली की तर्जनी पाहा. चाप ओढताना बोटाचं पहिलं पेर चापावर असावं, आणि बोटाचा बाकीचा भाग लाकडाला किंवा चौकटीला कुठेही लागता कामा नये. बोट लाकडाला घासत असेल, तर चापाबरोबर तुम्ही पिस्तूलही ढकलता, आणि उजव्या हाताचं बोट ते डावीकडेच ढकलतं. बोट आणि लाकूड यांच्यामधून पातळ कागद फिरवून पाहा. अडतो तिथलं लाकूड घासा. चाप मागे-पुढे सरकवण्याची सोय जवळजवळ सगळ्या स्पर्धा-पिस्तुलांत असते. वापरलेल्या पिस्तुलात ती आधीच्या मालकाच्या बोटाप्रमाणे लावलेली असते आणि नवीन मालक वर्षभर तिकडे लक्ष देत नाही. तुमच्या बाबतीत मुठीनंतरचा संशय मला इथेच येतो. चाप तुम्हाला जवळ पडत असेल, तर बोट जास्त आत जाऊन वाकतं आणि ओढ सरळ मागे न जाता तिरकी होते.

आता साइट. रेड डॉट विसरा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल स्पर्धांत ऑप्टिकल, आरशाच्या, दुर्बिणीच्या आणि लेझरच्या साइट चालत नाहीत. सरावापुरता रेड डॉट लावणारेही भेटतात, पण मी त्याच्या विरोधात आहे. नजर लक्ष्यावर ठेवण्याची सवय लागते आणि स्पर्धेत ती माशीवर आणावी लागते. माशीची रुंदी आणि खाचेची रुंदी मात्र बदलून पाहण्यासारखी आहे. माशी डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असते, त्यामुळे ४ मिलिमीटरची माशी २५ मीटरवर सुमारे ११ सेंटिमीटर रुंद दिसते, म्हणजे प्रिसिजनच्या २० सेंटिमीटरच्या काळ्या भागाच्या निम्म्याहून थोडी जास्त. खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या ज्या पट्ट्या दिसतात, त्या रॅपिडसाठी थोड्या रुंद ठेवाव्यात. घाईत डोळा दोन पट्ट्यांची तुलना झटकन करतो, पण अरुंद पट्ट्यांत फरक दिसत नाही. काळ्याच्या खाली, पांढऱ्यात नेम धरायचा की काळ्याच्या कडेला, यावर मतं खूप आहेत. मी स्वतः खाली पांढऱ्यात, एका मोठ्या क्षेत्रात नेम धरायला सांगतो, कारण काळ्या कडेला माशी चिकटवण्याच्या नादात बोट थांबतं. साइट धातूच्या चकाकणाऱ्या असतील, तर काजळी धरून काळ्या करा. बाकी त्यात काही नाही.

साइटचे क्लिक, म्हणजे साइट सरकवणारे स्क्रू, फिरवून रॅपिडच्या गोळ्या मध्ये आणण्याचा मोह होईल. तसं करू नका. प्रिसिजनमध्ये मध्यावर बसणाऱ्या साइटमध्ये काही बिघाड नाही. क्लिक फिरवलेत तर चूक तशीच राहील आणि दोन टप्प्यांसाठी दोन वेगळ्या जागा लक्षात ठेवाव्या लागतील.

स्प्रिंगबद्दल. पॉइंट टू-टूचं पिस्तूल साध्या ब्लोबॅकवर चालतं, म्हणजे गोळीच्या धक्क्यानेच स्लाइड मागे ढकलली जाते. गोळीचा धक्का, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांचा तोल कारखान्यातच लावलेला असतो. स्प्रिंग हलकी केली तर स्लाइड चौकटीवर जोरात आदळते आणि पिस्तूल हातात जास्त उसळतं. जास्त कडक केली तर स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी अडकते किंवा पुढची गोळी वर येत नाही. झटका कमी व्हावा असं वाटत असेल, तर आधी काडतुसं बदलून पाहा. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, ध्वनीच्या वेगाखाली जाणारी मॅच काडतुसं स्पर्धेसाठी बरी. दोन-तीन प्रकारांच्या किंवा वेगवेगळ्या लॉटच्या प्रत्येकी दहा-दहा गोळ्या पिस्तूल आधारावर ठेवून मारा. कोणत्या काडतुसांचा लक्ष्यावरच्या छिद्रांचा गट लहान आणि गोल येतो आणि कोणती न अडकता चालतात, दोन्ही पाहा. रॅपिडमध्ये एक अडथळा तुमची लय मोडतो, त्यामुळे मी गटाइतकंच महत्त्व न अडकण्याला देतो. मॅगझिनना क्रमांक द्या. अडकण्याचे निम्मे दोष एकाच मॅगझिनमध्ये सापडतात. त्याचे ओठ, म्हणजे गोळ्या धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, पकडीने वाकवत बसू नका, ते मॅगझिन बाजूला ठेवा.

शेवटी चाप. स्पोर्ट पिस्तुलाच्या चापाचं किमान वजन १००० ग्रॅम आहे, त्याखाली जाताच येत नाही. तपासणीत नळी उभी ठेवून चापावर १००० ग्रॅमचं वजन टांगतात आणि उचलतात. स्पर्धेनंतरही अचानक तपासणी होते आणि त्यात कमी भरलं तर बाद होण्याची वेळ येते. तुमचा चाप आधीच मर्यादेजवळ असेल, तर हलका करायला जागाच उरलेली नाही. उलट मी १०३०-१०५० ग्रॅमवर ठेवायला सांगतो. तेल, धूळ आणि थंडी-ऊन यांनी त्यात थोडा फरक पडतो. जी सुधारणा हाताशी आहे ती वजनाच्या वाटणीत. चाप दोन टप्प्यांचा असेल, तर पहिल्या टप्प्यात सुमारे ७०० ते ७५० ग्रॅम आणि उरलेलं दुसऱ्यात, अशी वाटणी रॅपिडला मानवते. हात वर येतानाच पहिला टप्पा संपतो आणि माशी लक्ष्यावर पोचते तेव्हा बोटाला थोडंच काम उरतं.

या जुळवणीसाठी स्क्रू असतात आणि कंपनीच्या पुस्तिकेत कोणता कशाचा ते लिहिलेलं असतं. एका वेळी पाव फेरी आणि नोंद. गोळी सुटल्यावर चाप आणखी किती मागे जातो ते ठरवणारा स्क्रू अगदी शून्यावर आणू नका, नाहीतर सिअर, म्हणजे घोडा (हॅमर) अडवून धरणारा भाग, पूर्ण सुटत नाही आणि पिस्तूल कधी मारतं, कधी नाही. सिअर आणि घोड्याचे दात मात्र घासू नका, पॉलिशही करू नका. सिअरची पकड कमी झाली की घोडा स्वतःहून पडू शकतो किंवा एका ओढीत दोन गोळ्या सुटू शकतात. ते तुमच्या आणि शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तो भाग झिजला असेल तर आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या आणि नवीन भाग बसवा. चापाला हात लावल्यावर प्रत्येक वेळी रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दहा-बारा वेळा मोकळी सोडून पुढे आपटू द्या. घोडा एकदाही खाली आला नाही, तरच रेंजवर जा. तिथे पहिल्यांदा एकच गोळी भरा, मग दोन, आणि मगच पाच.

नळी, चौकट किंवा स्लाइड यांत बदल करण्याआधी तुमच्या परवान्यात आणि कायद्यात काय बसतं ते विचारा. अनेक ठिकाणी हे भाग परवान्याशी जोडलेले असतात. मूठ, साइट आणि चापाची जुळवणी एवढ्यावर तुमचं काम भागेल असं मला वाटतं.

ड्राय फायरिंगचंही, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून करायच्या सरावाचंही सांगून टाकतो, कारण मूठ बसवताना ते खूप करावं लागेल. पॉइंट टू-टूच्या काडतुसाची दारू कडेला पेटते, त्यामुळे रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटली तर चेंबरच्या कडेवर खड्डा पडू शकतो. तुमच्या पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर प्लॅस्टिकचं नकली काडतूस किंवा प्लग वापरा.

पहिले दोन आठवडे फक्त मूठ आणि चापाची जागा, एवढंच करा. वीस वेळा डोळे मिटून माशी खाचेच्या मध्यावर येऊ लागली की रॅपिडच्या ३० गोळ्या मारा. प्रत्येक गोळी कुठे लागली ते लक्ष्याच्या चित्रावर टिपा आणि ते चित्र मुठीच्या दोन्ही बाजूंच्या फोटोसह मला पाठवा. चापाचे स्क्रू फिरवायचे का, ते त्यानंतर ठरवू.